सगळी चूक ड्रायव्हरची

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

कॉम्प्युटर आजही सारखा बंद पडत होता. स्क्रीन निळी व्हायची, मग आपोआप सुरू. रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. शेवटी सापडलं, आणि मी आनंदाने ओरडले, "आई, सगळी चूक ड्रायव्हरचीच होती!"

दारात मेथी निवडणाऱ्या आईचे हात थांबले.

बाबांच्या अपघातानंतर, ते ज्याचा ट्रक चालवायचे तो वाडीचा ट्रान्सपोर्टवाला आमच्या घरी येऊन हेच बोलला होता. अगदी हेच वाक्य.

"तुले बी तसंच वाटते का वं?"

"आई, कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं म्हणून राहिली मी. बाबांचं नाही."

"हो, हो," म्हणाली आणि परत मेथी निवडायला लागली. काहून ओरडले मी? दुसरा शब्द सुचला नसता का?

जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला. आता कॉम्प्युटर नीट चालतोय, पण ते सांगायचीही हिंमत होईना. तीच चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत राहिली.

"जुना काढून टाकला?"

"हो."

"काढाच्या आंधी त्याले कोणी इचारलं का वं, काय झालं थे?"