माझं कुटुंबही तेच पितं

मामंजी,

आज आलं ते असं: पाण्याचे जार तीन, एकशे वीस रुपये. मेथीची जुडी वीस. फुलपुडी दहा. जारवाला आता मागच्या जिन्याने येतो. तसं ह्यांनीच त्याला सांगितलंय, नगरसेवकाच्या दारात जार दिसायला नकोत म्हणून.

चऱ्होलीत आपल्या भागात महिना झाला नळाला घाण वास येतोय. देवाच्या अंघोळीलासुद्धा मी जारचंच घेते. खालच्या मजल्यावरची दोन पोरं दवाखान्यात आहेत. तुमचा मुलगा बातमीदार होता तेव्हा दापोडीतल्या नळाचं पाणी बाटलीत भरून पाणीखात्याच्या साहेबाच्या टेबलावर ठेवून आला होता, "घ्या साहेब, एक घोट." अजून डोळ्यांपुढं आहे, मी भाकरी थापतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती बातमी मोठ्यानं वाचताय. मध्येच थांबून म्हणालात, "सूनबाई, ह्यो असाच ऱ्हायला पायजे." मला हसू आलं तर रागावलात. "हसू नगं. त्याला सांभाळायचं म्हंजी निस्तं जेवू घालायचं न्हाई."

परवा हेच माइकसमोर म्हणाले, "पाणी पिण्याजोगं आहे. माझं कुटुंबही तेच पितं." मोबाइलवर ते ऐकलं आणि हात पिठातच राहिला. तुम्ही सासूबाईंना 'आमचं कुटुंब' म्हणायचात. म्हणजे इथं कुटुंब मीच की. जेवताना विचारलं, तर ताटातून मान वर न करता म्हणाले, "अगं, बोलावं लागतं. आठ दिवसांत होईल सुरळीत. लोक बिथरले तर सगळं माझ्यावर येईल."

आज सकाळी ह्यांच्या जुन्या पेपरातली मुलगी आली. बातमी लिहायला तिला ह्यांनीच शिकवलेलं. हे बाहेर गेले होते.

"वहिनी, सरांचं छापून झालंय. मला तुमचं हवंय. तुम्ही खरंच नळाचं पिता?"

"ते आल्यावर त्यांना विचार."

"सरच सांगायचे, साहेबाला विचारण्याआधी त्याच्या घरी जाऊन पाणी मागायचं."

ती हसली. मला हसता येईना. पाच वाजता परत येते म्हणाली.

मामंजी, परवापासून मी नळाचंच पितेय. ह्यांचा शब्द खोटा पडू नये आणि मलाही देवासमोर खोटं बोलावं लागू नये म्हणून. ह्यांना सांगितलेलं नाही. दुपारपासून पोटात कळा येतायत. मी तिला 'पिते' म्हणाले तर आता ते खोटं नाही. पण ती पुढं विचारणारच, पाणी कसं आहे म्हणून. आणि ती दोन पोरं अजून सलाइनवर आहेत.

ह्या पत्राला तिकीट लावणार नाही, तुमच्या हार घातलेल्या फोटोमागंच तर जायचंय ते. मी तिला आहे तसं सांगणार आहे. तुमची ना असेल तर पाचच्या आत उलट टपाली कळवा.