रंभाचं पोट

॥ श्री ॥
कुरखेडा, ता. ९ मार्च १९५७

चि. सौ. रंभास मोठ्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इथी बरे आहोत. तू मात्र लबाड आहेस. वडशाच्या बाजारात तुमच्या सिंदेवाहीची कासारीण भेटली. म्हणते, तुमच्या रंभाले सातवा लागलेला दिसते. सख्ख्या बहिणीची बातमी बांगड्या भरणारीनं सांगावी काय? मागच्या खेपेला जुळे गेले म्हणून भेऊन गप्प बसली असशील, तर ते डोक्यातून काढ. त्याले दीड वर्ष झालं.

माझा दीर नथ्थू सोमवारी ओटी घेऊन येईन. हिरवं लुगडं, खण, नारळ, पाच शेर तांदूळ. स्टेशनापासून डफडं वाजवत ने म्हणून त्याले बजावलं आहे. माहेरची ओटी आहे, झाकून कशाले न्यायची?

माया पातळ करू नको, जास्त काय लिहू.
तुझी गुणाबाई

सिंदेवाही, ता. १८ मार्च १९५७

ती. बाईस, रंभाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

वि. वि. नथ्थूभाऊ आले. डफडं वाजत आलं, सारी आळी गोळा झाली. बाई, मले सातवा नाई आन् पयला बी नाई. त्या दिवशी तर मी दूर बसली होती, मागच्या पडवीत. सासूबाईनं अंगणात साऱ्यांसमोर सांगितलं, का हिच्या पोटात काई नाई, नुसती झोळी लोंबते. बाया तोंडाले पदर लावून हासल्या. नथ्थूभाऊले मान वर करवेना. लुगडं नणंदेनं ठेवलं.

जुळे झाले तेव्हापासून पोट मागं गेलंच नाई. उठताना मधात उंचवटा येते, खाली कातडी लोंबते. धानाच्या रोवणीत वाकलं का मांडीले घासते. जो भेटला तो विचारते, कितवा? कासारणीचा दोष नाई, साऱ्यांले तसंच दिसते.

दवाखान्याचे कंपाउंडर गुणवंतराव म्हणतात, नागपूरचे मोठे डॉक्टर वाढलेली कातडी कापून आतलं मांस शिवून देतात. मले जायचं आहे. हे नुसतं पाहू पाहू म्हणतात. तू लिहिलंस तर नेतील, तुले भेतात.

रागावू नको, आहे तो जीव माझ्यावर राहू दे.
तुझी रंभा

कुरखेडा, ता. २ एप्रिल १९५७

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

वि. वि. माझं तोंड जळो आन् ते डफडं बी. तुझ्या सासूले सांग, झोळी तुमच्याच नातवांनी केली.

चिरायचं वाचून मले घाम फुटला. माणसाचं अंग म्हणजे चोळी आहे काय, सैल झाली का टिपा घाला? दुसरी कोणी असती तर तेल लाव, पोट आवळून बांध आन् गप्प घरी बस, असं लिहिलं असतं. तुले ते लिहिण्याचं तोंड मले नाई.

तुजं पोट बांधाले माझं जुनं मऊ लुगडं मीच आणलं होतं. दाईनं बांधलं बी होतं. तू तापात होतीस, तुले काई ठाऊक नाई. दोघं गेले तेव्हा तुझ्या सासूच्या पेटीतून धड फडका निघेना. मी तुजा पट्टा सोडला आन् दोघाईले त्यातच गुंडाळून दिलं. मग बाळंच नाईत तर बांधते कोण? कोणी बांधलं नाई. म्हणून तुजं हे झालं. दोष माझा आहे.

तर जा. तुझ्या नवऱ्याले, लटारूले, वेगळं पत्र टाकलं आहे. आशीर्वादाचं नाई.

तुजी चिंता करणारी,
गुणाबाई

सिंदेवाही, ता. २१ मे १९५७

ती. बाईस नमस्कार.

वि. वि. नागपूर करून आलो. तुझ्या पत्रानं हे निघाले खरे. डॉक्टर भला माणूस. त्यानं सांगितलं, का न बांधल्यानं हे झालं नाई. दोन जीव एकत्र वाढले, मधातलं मांस फाकलं. बांधलं असतं तरी राह्यलंच असतं. म्हणून तू दोष घेऊ नको.

शिवता येते म्हणाले. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चिरतात, पंधरा दिवस निजून राहावं लागते. पण मग पुढं लेकरू नको, नाईतर सारं पुन्हा उसवते. मले विचारलं, बाई, अजून मूल पाह्यजे काय? मी नाई म्हणायले तोंड उघडलं, तर मधातच हे बोलले, का घरी थोरली एक पोरगीच आहे, पोरगा तर पाह्यजेच. डॉक्टरनं माझ्याकडं पाह्यलं, मग नुसता पोटाचा पट्टा लिहिला. पेनाले टोपण लावलं.

आता दिवसभर तो पट्टा लुगड्याखाली बांधते. उन्हाळ्यानं आत घामोळं उठलं. पण पोट सपाट दिसते. आता कितवा म्हणून कोणी विचारत नाई. बाई, लोकं विचारत तेव्हा मी मनात म्हणत जाय, दोन. आता ते बी गेलं. घरात त्यांची गोष्ट कोणी काढत नाई, त्यांले नाव बी नव्हतं. मी तापात होती, मले एकदाई दिसले नाई. तू त्यांले हातात घेतलं होतंस. कसे होते, लिही.

तुझी रंभा

कुरखेडा, ता. ३० मे १९५७

चि. रंभास.

लटारूले मी सोडणार नाई, पण ते मागून.

पोरगा मोठा होता. सावळा, कपाळ तुझ्यासारखं रुंद. केस एवढे का पाण्यानं बसवले तरी उभे राह्यत. पोरगी मुठीएवढी, पण रडणं तिचंच मोठं. पोरगा सकाळी गेला. पोरगी दुपारपर्यंत होती. तिनं माझी करंगळी धरली होती. सोडवाले मले जोर लावावा लागला.

गेलेल्यांचं बाळंतिणीले सांगू नये म्हणतात. मी अडाणी तेच धरून बसली. तू विचारत जा, मी लिहीत जाईन. दुसरी पास बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझी बाई

ता. क. पोरीच्या उजव्या कानामागं तीळ होता. पाकीट बंद करताना आठवलं.