विसावी खुर्ची

बर्कली, गुरुवार

प्रिय डोरीनताई,

धाकट्या लोवेलचा नमस्कार. (पूर्वी मूठ उंचावून करायचो, हल्ली खांदा वर जात नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? सॅक्रामेंटोला उकाडा फार असेल. माझी साखर ठीक आहे, म्हणजे डॉक्टरने बोलणं सोडलंय.

तुला ठाऊकच आहे, आमच्या वाचनालयात दर मंगळवारी दुपारी तीनला मी जुन्या चळवळींवरचे माहितीपट फुकट दाखवतो. (हो, म्हातारपणीही सुधारलो नाही.) तर गेल्या आठवड्यात ग्रंथपाल मिस वेगांनी नोटीस लावली, पुढच्या मंगळवारी आत वीस माणसं भरली नाहीत तर खोली योगवर्गाला जाणार. ताई, आठवड्याचे उरलेले सहा दिवस मी मंगळवारची वाट बघण्यातच काढतो गं.

पण आम्ही जुने चळवळवाले काय गप्प बसणारे? बर्निसने (वय एक्याऐंशी, अटक सात वेळा) फर्मान काढलं, मोर्चा! परवा मंगळवारी तीनच्या ठोक्याला आम्ही सगळे फलक घेऊन दारात हजर, घोषणा देऊन घसे बसले. सव्वातीनला मिस वेगा वही घेऊन बाहेर आल्या. "अहो, आत मोजून आले. शून्य! सगळे इथे बोंबलताय, तर आत बसणार कोण?" बर्निस म्हणाली, "आम्ही हटणार नाही!" "नका हटू," बाई म्हणाल्या, "पण ठिय्या द्यायचाच तर आत द्या. खुर्च्या आहेत." आता आमची रीत अशी की एकमत झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, त्यात वीस मिनिटं गेली. (एकाचं म्हणणं, खुर्चीवरचा ठिय्या हा ठिय्याच नव्हे.) शेवटी आत जाऊन बसलो. बाईंनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकोणीस! पण बाई मनाने चांगल्या. "पुढच्या मंगळवारी अजून एक माणूस आणा, खोली तुमची," म्हणाल्या आणि सिनेमासाठी स्वतःच दिवे मालवले.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझा वाया गेलेला भाऊ,
लोवेल

ता. क. सिनेमात एकोणसत्तरचा तोच मोर्चा होता, ज्यापायी पप्पांनी मला घराबाहेर काढलं. ट्रकच्या टपावर पिवळ्या कोटात, कर्णा घेऊन किंचाळणारी मुलगी मी लगेच ओळखली. त्या दिवशी तू दातांच्या डॉक्टरकडे होतीस ना? रागावलो नाही गं. इतकी वर्षं वाटायचं, घरात आपण एकटेच वाया गेलो. त्या अंधारात खुशाल रडून घेतलं.

ता. क. दुसरा. तुलाच विसावी धरा म्हणून बाईंना विनवून पाहिलं. पडद्यावरची माणसं मोजत नाहीत म्हणे. तेव्हा मंगळवारी तीनला तू स्वतः ये. आणि कृपा करून थेट आत येऊन बस, दारात घोषणा देत उभी राहू नकोस.