तोंड खाली, शेपूट वर

४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राआधी खोकं पोचलं असेल. आत दोन स्टेपलर आहेत. तुझ्याच तक्रारीतून जन्मलेलं हे पोर, म्हणून पहिल्या चाचणीसाठी तुमच्या ऑपरेशन थिएटरचं नाव मीच सुचवलं. सहा वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, की आतडं कापून कडा बारीक पिनांनी शिवणारं हे यंत्र मोठं गुणाचं, पण त्याच्या मुठीत रक्त शिरतं, ब्रश तिथवर पोचत नाही आणि घासून घासून तुम्हा नर्सेसच्या बोटांची सालटी निघतात. आता मूठ पूर्ण बंद आहे. मोटार, दातेरी चाकं, सगळं आत. दांडा जिथून बाहेर येतो तिथे रबराच्या दोन कड्या. रक्त जाणार नाही, पाणी जाणार नाही, मुंगीसुद्धा जाणार नाही. धुवा, वाफेत घाला, पुन्हा वापरा.

सहा वर्षांत मी एवढंच केलं. केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला. तुझी भावजय म्हणते, की जगाची गळती थांबवायला निघालेल्या माणसाला घरच्या नळाचं वॉशर बदलायला सवड नाही. खरं आहे ते. थकलोय, अक्का. जूनपर्यंत चाचणी नीट पार पडली, की मी महिनाभर नुसता पडून राहणार आहे.

गुडघ्यांची काळजी घे. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी तक्रार नाही.

तुझा,
खुडबुड्या


२६ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी घरातली एक वस्तू तू धड ठेवली नाहीस. रेडिओ उघड, शिलाई मशीन उघड, माझी कुलपाची कंपासपेटीसुद्धा सोडली नाहीस. आणि आता कोणालाच उघडता येणार नाही अशी वस्तू करून पाठवलीस! मी सगळ्यांना सांगितलं, की हा स्टेपलर माझ्या भावाने केलेला आहे. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा भूल देणाऱ्या बाईंनी हात जोडले.

यंत्र झकास आहे. मोठे डॉक्टर, जे चांगलं म्हणायला आठवड्यातून एकदाच तोंड उघडतात, ते चक्क बरं आहे म्हणाले. धुवायला पाच मिनिटं पुरतात. माझी बोटं तुला दुवा देतात.

बाकी आमचं नेहमीचंच. यंत्रं दोन आणि टेबलावर लागोपाठ तीन पेशंट. एक हातात, एक वाफेच्या भांड्यात, आणि तिसऱ्याच्या वेळी सगळ्यांची नजर माझ्याकडे. कसं तरी जमवते. तीस वर्षं जमवतेच आहे. संध्याकाळी बूट काढायला वाकवत नाही, तशीच खुर्चीत बसून राहते. एकतीस डिसेंबरला सुटका. तोवर ढकलायचं.

आधी नळाचं वॉशर बदल. दोघांना आशीर्वाद, आणि पत्र पाठवण्यात कंजुषी नको.

तुझी,
अक्का


२० मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. मागच्या गुरुवारी दिवसाचं तिसरं ऑपरेशन होतं. पेशंट एक बाई, बस चालवते. मोठ्या डॉक्टरांनी तुझा स्टेपलर आतड्यावर लावला, कळ दाबली. यंत्र कण्हल्यासारखं वाजलं आणि मध्येच थांबलं. निम्म्या पिना बसल्या, निम्म्या नाहीत, आणि जबडा घट्ट मिटलेला.  डॉक्टरांनी किल्लीने जबडा सोडवला आणि उरलेलं सगळं हाताने शिवलं. दीड तास जास्त लागला. मी सुया मोजून देत होते.

बाई ठीक आहे. आज तिने पहिल्यांदा घोटभर पाणी घेतलं आणि मला विचारलं, की परत बस कधी चालवता येईल. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

यंत्र तुमच्याकडे परत पाठवलं आहे. काय झालं ते शोध. जिवाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते, पण तू लावून घेणारच.

तुझी,
अक्का


२ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या विभागप्रमुख बाईंच्या समोर मूठ कापून उघडली. आत चमचाभर पाणी निघालं. चाकं गंजलेली, एक तर जागेवर घट्ट धरलेलं. रबराच्या कड्या मात्र शाबूत, एक ओरखडा नाही. सहा वर्षं पाण्यात गेली असं लोक नुसतं म्हणतात, मी ते पाणी डोळ्यांनी बघितलं.

आमच्या प्रयोगशाळेत याच यंत्राला वाफेच्या शंभर फेऱ्या दिल्या होत्या. प्रत्येक फेरीनंतर तासभर जाळीवर ठेवून गार करायचं, असा आमचा नियम. एक थेंब आत गेला नव्हता. बाई म्हणाल्या, एक तर रचनाच चुकलेली आहे, नाहीतर त्या हॉस्पिटलात कोणीतरी काहीतरी केलं आहे. दुसरं सिद्ध झालं नाही तर महिनाअखेरीस काम बंद.

अक्का, कोणाच्या हातून पडलं होतं का? कोणी उघडायला गेलं होतं का? जरा खोदून विचार. माझं डोकं चालेनासं झालं आहे. जेवताना समोर घास तसाच राहतो.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
खुडबुड्या


१० एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

कोणाला विचारायची गरज नाही. ते मी केलं.

तुमच्याकडे तासभर जाळीवर ठेवतात. आमच्याकडे तासभर कोणाकडे आहे? पेशंटचं पोट उघडलेलं असतं आणि डॉक्टर हात पुढे करून उभे असतात. वाफेतून काढलेलं यंत्र हातात धरवत नाही, मग मी ते निर्जंतुक थंड पाण्याच्या तसराळ्यात बुडवते. चुर्र होतं, दोन मिनिटांत गार. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे, म्हणून बुडवताना मी दाराकडे पाठ करून उभी राहते. साध्या कात्र्या-चिमट्यांना तीस वर्षांत काही झालं नाही. तुझ्या यंत्रालाही तसंच बुडवत गेले. भावाचं यंत्र, त्याला काय होतंय, असा वर माज.

तुझं पत्र वाचलं आणि तुझा शाळेचा डबा आठवला. सकाळच्या घाईत मी त्यात गरमागरम जेवण भरून झाकण दाबून बसवायची. दुपारी गार झाला की झाकण आत ओढलं जायचं आणि काही केल्या उघडायचं नाही. तू उपाशी घरी यायचास आणि माझ्यावर डाफरायचास. तुझ्या मुठीतही तेच झालं असणार. आतली गरम हवा एकदम आक्रसली आणि तिने कड्यांच्या फटीतून पाणी ओढून घेतलं.

त्या बाईच्या पोटात जे झालं ते माझ्या हातून झालं. हे मला कोणाला तरी सांगायचंच होतं. हे पत्र तुझ्या विभागप्रमुख बाईंना दे. माझा हुद्दा खाली लिहिते आहे, नाव तू सांग. मला घरी बसवतील. नऊ महिन्यांनी बसणारच होते. तुझं काम वाचेल.

रागाव, पण पत्र लिहिणं बंद करू नकोस.

तुझी,
अक्का
(थिएटरची मुख्य परिचारिका)


१९ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो. तीन दिवस इतका रागावलो होतो, की तुझं अक्षर बघवत नव्हतं. आठवडाभर पत्र खिशात घालून बाईंच्या खोलीपर्यंत जात होतो. एवढा एक कागद टेबलावर ठेवला की सुटलो, असं रोज वाटायचं. तुला खोटं कशाला सांगू? एकदा तर दारावर टकटक केलीसुद्धा. बाईंनी काय काम आहे विचारलं, तर मी रजेचा अर्ज मागितला.

मग डब्याचं परत वाचलं. अक्का, मी सहा वर्षं पाणी बाहेर ठेवायच्या मागे होतो. यंत्र गार कसं करता, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. सख्खी बहीण थिएटरमध्ये, आणि मी जाळीवर तास मोजत बसलो. दोन यंत्रं आणि तीन पेशंट आहेत हे तू फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. मी ते गंमत म्हणून वाचलं.

पत्र देणार नाही. दिलं तर सगळा दोष तुझ्यावर टाकून विषय मिटवतील आणि आणखी कुठलीतरी सिस्टर दाराकडे पाठ करून तेच करत राहील.

आता वेड्यासारखा एक प्रश्न विचारतो, नीट उत्तर दे. बुडवताना यंत्र कुठे धरतेस, आणि कोणतं टोक आधी पाण्यात जातं?

तुझा,
खुडबुड्या


२७ एप्रिल

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तोंड खाली, शेपूट वर. शेपूट म्हणजे मुठीचं मागचं टोक, त्याला चिमट्याने धरते, ते दोन बोटं पाण्याबाहेर राहतं. आणखी काय काय विचारशील!

तू पत्र दिलं नाहीस म्हणून मी स्वतःच मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं.  ते म्हणाले, की दोन मिनिटांत गार यंत्र हातात कसं येतं हे न कळायला ते काही लहान नाहीत. घाई तेच करत होते, तेव्हा लिहायचं झालं तर दोघांचं लिहावं लागेल. त्यांनी आणखी एक यंत्र मागवायचा अर्ज केला आहे. तो दरवर्षीच करतात.

बसवाली बाई काल घरी गेली. तिलाही मी सांगितलं. ती नुसती माझा हात बघत राहिली. मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

तुझी,
अक्का


३० जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण हात रिकामा नव्हता. वाफेतून काढलेलं यंत्र थंड पाण्यात बुडवायचं, असं मी इथे स्वतः चाळीस वेळा केलं. तिसऱ्याच बुडीला पाणी आत. बाईंनी विचारलं, की हे मला सुचलं कसं. मी त्यांना शाळेच्या डब्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या.

अहवालात मी लिहिलं, की दोष वापरणाऱ्याचा नाही, करणाऱ्याचा आहे. जिथे यंत्रं कमी आणि पेशंट जास्त तिथे हे घडणारच, आणि ते आम्ही विचारलं नाही. काम बंद पडलं नाही. पण माझ्याकडून काढून माझ्या हाताखालच्या मुलीकडे दिलं. हुशार आहे ती. शेपटाकडे बटणाएवढी एक खिडकी ठेवते आहे, तिच्यावर असा पडदा, की हवा आत-बाहेर जाईल आणि पाणी अडेल. तुझ्या चिमट्यात ते टोक पाण्याबाहेरच राहतं, म्हणजे बुडवतानाही मूठ श्वास घेईल.

मला माहितीपत्रकांच्या टेबलावर बसवलं आहे. यंत्रासोबत जो घडीचा कागद येतो, जो कोणी वाचत नाही, तो मी लिहितो. वाईट वाटतं. खूप वाटतं. पण जेवायला वेळेवर घरी येतो, आणि नळाचं वॉशर बदललं.

सांभाळून राहा, आणि मला विसरू नकोस.

तुझा,
खुडबुड्या


३१ डिसेंबर

चि. खुडबुड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज सुटले. निरोपाची भाषणं झाली, मला एक घड्याळ दिलं. आयुष्यभर घड्याळाच्या मागे पळालेल्या बाईला घड्याळच द्यायचं कोणाला सुचलं, देव जाणे.

पण लिहायचं ते वेगळंच. नवे स्टेपलर परवा आले. यंदाही दोनच. खोक्यात घडीचा कागद होता. तीस वर्षांत मी असा कागद वाचला नव्हता, हा खुर्चीत बसून पहिल्या ओळीपासून वाचला. नवव्या कलमात लिहिलं आहे, की वाफेतून काढलेलं यंत्र गरम असतानाच थंड निर्जंतुक पाण्यात बुडवण्यास हरकत नाही. मात्र तोंड खाली, शेपूट वर. छापील कागदावर शेपूट! तुझ्या बाईंनी तो शब्द ठेवू कसा दिला? मी कागदाची घडी केली आणि चष्मा पुसला.

आज तिसरा पेशंट आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला. मी चिमटा घेतला, शेपूट धरलं आणि बुडवलं. चुर्र झालं. दोन मिनिटांनी दिलं, आणि सगळ्या पिना ओळीने बसल्या.

आणि खुडबुड्या, या वेळी मी दाराकडे तोंड करून उभी होते.

गुडघे बरे झाले की येते. डबा मीच भरेन, झाकण सैल ठेवून.

तुझी,
अक्का