स्लाव्कोसाहेबांच्या बदलीचा अर्ज

बोथ, ता. १९ नोव्हेंबर १९९८

आदरणीय बाबारावदादांस,

धाकटा भाऊ खुशाल याचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं लोणचं पोचलं, बरणी शाबूत आहे. आमची लेक मित्रा, तिला पाहायला येत्या रविवारी पाहुणे घेऊन येता, हे पत्रही मिळालं. त्याबद्दल खाली लिहितोच. (आधी हे वाचा, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर का नाही ते कळेल.)

हैदराबादच्या एका क्रीडा मंडळानं एक तारखेपासून आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींसाठी बास्केटबॉलचं वीस दिवसांचं शिबिर ठेवलं आणि शिकवायला सर्बियाचे स्लाव्कोसाहेब पाठवले. उंची सहा फूट नऊ इंच. स्टाफरूमच्या दारातून ते रोज वाकून आत येत आणि आमचे हेडमास्तर अमृतराव त्याला नम्रता समजत. शेवटच्या दिवशी साहेब दोन मुली निवडणार, आणि त्या वर्षभर हैदराबादला राहून राज्याच्या संघासाठी तयार होणार, असं ठरलेलं. मित्रा एकोणीस वर्षांची, पाच फूट दहा (तुम्ही तिला शिडी म्हणता तीच). पोरीला त्या निवडीपुढे जेवणाचंही भान नव्हतं. मी ड्रिल मास्तर असूनही चेंडू गोळा करत फिरत होतो.

घोटाळा चहामुळे झाला. इंग्रजी शिकवणाऱ्या तेलुगूभाषक मास्तरांमार्फत साहेबांनी एकदा चहा पिताना आपली हकिगत सांगितली. तरुणपणी ते देशाकडून खेळले, पुढे त्या देशाचेच तुकडे झाले. मग शिकवायला लागले. दोन वर्षं ग्रीस, तिथून काढलं; दीड वर्ष तुर्कस्तान, तिथूनही काढलं; मग इराण, मग फिलिपाईन्स, आणि आता बोथ. साहेब हे हसत सांगत होते. स्टाफरूम मात्र गंभीर झाली. सरकारी नोकराला आदिलाबाद जिल्ह्यात कशासाठी धाडतात हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे (आमच्यातले निम्मे तसेच आलेत). अमृतरावांनी निदान केलं की बिचाऱ्यानं कुण्या बड्या माणसाशी वाकडं घेतलंय. मी परोपरीनं सांगितलं की संघ हरला की प्रशिक्षकाला काढतात, जगभर हेच चालतं. तर मलाच म्हणाले, "मास्तर, तुमी शिट्टी वाजवा. सर्विसचं आमाले कळते."

अमृतरावांनी स्वतःच्या चार बदल्या रद्द करून घेतल्या आहेत, त्यामुळे त्यांनी साहेबांच्या नावानं लिहिलेला अर्ज अव्वल उतरला. पत्नी बेलग्रेडला, अर्जदार बोथला, आई वृद्ध; सबब पती-पत्नी एका ठिकाणी या नियमाखाली अर्जदाराची बदली बेलग्रेडला व्हावी, ते शक्य नसल्यास निदान बेलग्रेडच्या आसपास. साहेब आठ दिवसांपासून नव्या जाळ्या मागत होते. हा जाळ्यांचाच कागद समजून त्यांनी सही ठोकली.

एरवी आमचे अर्ज वर्षानुवर्षं फिरतात. हा सहा दिवसांत मंडळाच्या हाती पडला. पाहुणा दुःखी आहे म्हणून मंडळ घाबरलं आणि सतराव्या दिवशी जीप आली: शिबिर बंद, साहेबांचं विमानाचं तिकीट तयार. निवड राहिली ती राहिलीच. मित्रा मैदानाच्या कडेला बूट काढून बसली, मला तिच्याकडे बघवेना. दादा, असा संताप झाला म्हणून सांगू! आणि रागवावं कुणावर, सगळ्यांनी भलंच केलं होतं.

अमृतराव शाल-नारळ घेऊन हजर, चेहऱ्यावर स्वतःचीच बदली झाल्याचा आनंद. साहेबांनी इंग्रजीच्या मास्तरांकडून अर्जाचा अर्थ समजून घेतला. शाल खांद्यावर नीट ओढून घेतली. मग म्हणाले, "चार देशांनी मला काढलं. मीच अर्ज करून निघालो, असं पहिल्यांदाच होतंय."

असो. वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
खुशाल

ता. क. – जीप सुरू झाल्यावर साहेब खाली उतरले आणि खांद्यावरची शालही न काढता त्यांनी तासाभरात निवड उरकली. दोघींपैकी एक आपली मित्रा.

ता. क. २ – तेव्हा पाहुण्यांना रविवारी आणू नका. मुलगा चांगला आहे, घरदारही चांगलं आहे (उंचीचं मी काही बोलत नाही). वर्षभर थांबत असतील तर थांबू द्या. हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून पत्र.

ता. क. ३ – दादा, तुम्ही मला शिकवलंत, नोकरीला लावलंत. आजवर तुमचा शब्द मी मोडला नाही. वर परवानगी मागितल्यासारखं वाटलं असेल, पण मित्राला मी आज सकाळीच हैदराबादच्या बसमध्ये बसवून आलो, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.