दहा लिटर ब्लाँड एल आणि झेंडूचे एक फूल

३ नोव्हेंबर
पुण्याच्या एका ब्रुअरीचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचे, पत्रक सरांनी आज विभागाच्या फळ्यावर लावले. ब्लाँड एल, म्हणजे फिक्या सोनेरी रंगाची बिअर, करून पाठवायची. चार बाटल्या, आणि माल्ट, हॉप्स, यीस्ट का निवडले याचे दोन पानी टिपण. ज्याचे पसंत पडेल त्याला वर्षभर शिकाऊ म्हणून घेणार. जागा एक. आमच्या विभागाला प्रयोगापुरती बिअर करायची परवानगी आहे, म्हणून काम प्रयोगशाळेतच.

"कोण करणार?" सरांनी वर्गात विचारले. मी हात अर्धाच वर केला. दोन वर्षे एम.एस्सी.त पहिली, आणि हात अर्धा! वर्गातल्या गणेशने पूर्ण केला. माल्ट म्हणजे दुधात घालायची पूड, एवढेच त्याला ठाऊक.

सर म्हणाले, "दोघं करा. डोकं रेणुकाचं, धावपळ गणेशची."

ती जागा मला हवी आहे. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणणे जमणार नाही.

५ नोव्हेंबर
माल्ट. म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. मुख्य : फिक्या रंगाचे जवाचे, सव्वादोन किलो. गव्हाचे पाव किलो, फेस टिकावा म्हणून. कॅरॅमल माल्ट अजिबात नको. ब्लाँडला लपायला जागा नसते, जे घालाल ते दिसते.

आणि पाव किलो ज्वारी. घरचीच, आईकडून ओल्या फडक्यात बांधून मोड आणवले. "हुरड्यासारखा वास येतोय की गं," आई म्हणाली. कशासाठी ते विचारले नाही, मीही सांगितले नाही.

सर हसले. "ज्वारी? भाकरीला ठेव की, बाई."

उत्तर माहीत होते. ज्वारीचे पिष्ट जवाच्या मानाने जास्त उष्णतेला उकलते, म्हणून ती आधी वेगळी शिजवून घ्यायची आणि मग जवात मिसळायची. जवातले विकर तिचीही साखर करतात. हे सगळे घशापर्यंत आले. म्हणाले काय, तर "बघते, सर."

६ नोव्हेंबर
हॉप्स. म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुले. पत्रकाच्या यादीत चार जाती. कॅस्केडला संत्र्याच्या सालीचा वास, तो सगळ्यांवर कुरघोडी करतो. हालरटाउ घेतले : मंद, गवती. अठरा ग्रॅम उकळी फुटताच, सहा शेवटी.

सर : "कडूच पायजे ना? मग दारात लिंब हाय की!" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

८ नोव्हेंबर
यीस्टवरून वाद. गणेशचे म्हणणे, "यीस्ट ते यीस्ट. बेकरीतून आणतो, दहा मिनटात." तोल जाऊन बोलले, "मग ब्रेडच पाठव पुण्याला." आठवड्यातले माझे पहिले पूर्ण वाक्य.

एलचे कोरडे यीस्ट मागवले, स्वभावाने शांत, स्वतःची चव न मिरवणारे. त्याला अठरा ते बावीस अंश लागतात. लोक तापमान पुस्तकातले बघतात, मी आमच्या खोलीतले बघितले, पाच दिवस, रोज तीन वेळा. सकाळी सतरा, दुपारी सव्वीस. भांड्याला ओले पोते गुंडाळून पंखा लावला की वीसवर थांबते. उन्हाळा असता तर हे यीस्ट निवडलेच नसते. टिपणाचा गाभा हाच.

१२ नोव्हेंबर
आज शिजवले. सहासष्ट अंश, एक तास. मग तासभर उकळी. तेरा लिटर उतरले. मोठ्या भांड्यात दहा, वेगळ्या कॅनमध्ये तीन, ताळा म्हणून. ताळ्याशिवाय प्रयोग करू नये, हे सरांनीच शिकवले. दोन्हींत यीस्ट घालून झाकणे लावली. कॅन मागच्या खोलीत ठेवला.

चोथा पोत्यात भरून घरी आणला. शेळ्यांनी टोपले पालथे केले. बाबा म्हणाले, "लई गोड लागलं दिसतंय यांना. कशाचं हाय?"
"जवाचं."
खोटे नव्हते.

१३ नोव्हेंबर
लिहावेसे वाटत नाही. तरी लिहिते.

संस्थेचे अध्यक्ष आले. सरांनीच बोलावले होते, "नवं यंत्र हाय, पूजा पायजे" म्हणून. यंत्र म्हणजे आमचे मोठे भांडे. अध्यक्ष गेला आठवडाभर साखर कारखान्यांच्या मोळीपूजनांना हिंडत आहेत. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायची आणि टाळ्या घ्यायच्या, तीच सवय हातात. नारळ फुटला, हळदकुंकू लागले. मला वाटले, संपले.

"झाकण काढा की. बाहेरून वाहून काय उपेग? आत टाकावं लागतं."

सरांनी झाकण काढले. सरांनी! ज्यांनी आम्हाला निर्जंतुकीकरणावर तीन तास शिकवले. अध्यक्षांनी अक्षता टाकल्या, गुळाचा खडा टाकला, आणि झेंडूचे फूल. फूल तरंगले. टाळ्या.

तबक माझ्या हातात होते. मीच ते त्यांच्यापुढे धरून उभी होते. "थांबा" हा एक शब्द. मराठी माध्यमातली पहिली आलेली मुलगी, भिंतीवरच्या फलकावर सोनेरी अक्षरात नाव, आणि दोन अक्षरे सापडली नाहीत.

जाताना अध्यक्ष माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हुशार हाय लेकरू. बोलत न्हाई, पण हुशार."

१४ नोव्हेंबर
फूल चिमट्याने काढले. गूळ विरघळला होता. अक्षता तळाशी.

सर : "एवढ्याशा फुलानं काय होतंय?"

२० नोव्हेंबर
झाले ते होणारच होते. मोठ्या भांड्यावर पांढरी, सुरकुतलेली साय. वास ओल्या चिंध्यांचा. सर वाकून म्हणाले, "फेस आलाय, झालं की." फेस! मी त्या सायीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाजूला झाले. सरांनी पाहिले. यीस्टपेक्षा परके जंतूच जास्त. "हं," म्हणाले.

मागचा कॅन स्वच्छ. पावाचा आणि थोडा मधाचा वास. यीस्ट तळाला बसत आहे, वरचा थर निवळतो आहे. फुलाने काय होते, याचा पुरावा तीन लिटर आहे.

२६ नोव्हेंबर
कॅनमधली बाटल्यांत भरली. प्रत्येकीत मोजून साखर. सात भरल्या. दहा लिटर मोरीत ओतले. सर त्या वेळी नेमके चहाला.

२ डिसेंबर
अर्ज भरायचा होता. सरांनी सही-शिक्का केला, "कृती करणाऱ्याचे नाव" ही ओळ मात्र कोरी सोडली.

"नाव नंतर घालू. गणेशचं घालावं म्हणतो."

मी पाहत राहिले.

"तसं बघू नको, पोरी. तुझ्याच भल्याचं हाय. उद्या स्थळ येईल, लोक इचारतील, पोरगी काय करती? बिअर करती! तुझ्या वडलांनी तोंड कुणाला दाखवायचं? टिपण तूच लिही मात्र, त्याला जमायचं न्हाई."

फूल एकदाच टाकले जाते असे मला वाटत होते.

३ डिसेंबर
गणेश पायऱ्यांवर भेटला. "आई शप्पत, मी न्हाई मागितलं. सर म्हणले."
"मग नको म्हण."
"सरांना? इंटर्नल मार्क त्यांच्या हातात हायत, माहीत हाय ना तुला?" मग म्हणाला, "फोनवर इचारलं तर सांगायला धा ओळी लिहून दे ना."

दहा ओळी! त्याला अठरा ग्रॅम कशाचे तेही आठवत नाही. आणि तो वाईट नाही, हेच चीड आणणारे. कोणीच वाईट नाही. सगळे माझ्या भल्याचे बघतात.

८ डिसेंबर
एक बाटली उघडली. गवताच्या वाळल्या काडीसारखा रंग, पांढरा फेस, शेवटी ज्वारीची किंचित कोरडी चव. कडूपणा येतो आणि जागा करून देतो. चांगली आहे. संकोचाने नाही लिहीत : चांगली आहे.

टिपण पूर्ण. मोठ्या भांड्याचे काय झाले तेही लिहिले, झेंडूसकट.

सर म्हणाले, "चांगल्या अक्षरात नाव घाल आणि पार्सल कर."

घातले. चांगल्या अक्षरात. माझे.

१३ डिसेंबर
सकाळी अंगणात असताना फोन. पुण्याच्या ब्रुअरीतल्या बाई. "ज्वारी आधी का शिजवलीत?" सांगितले. "हेच यीस्ट का?" सांगितले. आवाज चढला होता, कारण एवढ्या दिवसांचा तुंबला होता. त्या म्हणाल्या, "आणि ते फूल खरंच टाकलं?" "हो. तबक मीच धरलं होतं." त्या हसल्या नाहीत. अर्ज केलेल्यांपैकी तिघांना बोलावले आहे, सोमवारी. त्यात मी. येताना एक बाटली आणा म्हणाल्या.

वळले तर बाबा शेळी सोडून उभे.
"बिअर म्हणलीस?"
"हो."
"म्हंजी त्यो चोथा..."
"चोथ्यात दारू नसते, बाबा. ती नंतर होते."
"मला कावून इचारलं न्हाई?"
"तुम्ही नाही म्हणाला असता."
"म्हणलोच असतो."
"म्हणून."

बाबांशी असे कधी बोलले नव्हते.

१४ डिसेंबर
बातमी सरांपर्यंत गेली. गणेशनेच सांगितले असणार. त्यांनी बाबांना फोन केला. बाबा नुसते "हो, हो" म्हणत होते. ठेवल्यावर एवढेच म्हणाले, "मास्तर म्हणतेत तू त्यांचं नाव घालवलं."

नाव त्यांचे कुठे होते? ओळ कोरी होती.

आई भाकरी थापत राहिली.

१५ डिसेंबर, सोमवार
सहाची गाडी. पिशवी काल भरून ठेवली होती. आज पाहिली तर बाटली त्यात नव्हती. डोक्यात तिडीक गेली. मोरीकडे धावले, फुटक्या काचा शोधत.

ती माठाशेजारी होती. उभी. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वर सुतळीची गाठ. ही गाठ बाबा शेळीच्या दाव्याला मारतात.

बाबा गोठ्यात पाठमोरे, कडबा तोडत. गाडीपर्यंत येताय का, विचारले. कोयत्याचा आवाज तेवढा थांबला.

बाटली पिशवीत ठेवली. पावणेसहा.