घरी कळवतो

आण्णा, तुमच्या सैनिकाच्या घरचं माणूस भेटलं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश लिहिते.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता जर्मनीत हायडेलबर्गला असते, मातीवर पीएचडी करते. आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, आणि मी इतक्या लांब येऊन पुन्हा मातीतच हात घातला म्हणून आई हसते. तुम्ही पुण्याच्या छावणीतल्या सैनिकी दफनभूमीत माळी. अजून मला तुम्ही तसेच दिसता, उकिडवे बसून कातरीनं दगडांच्या पायाशी गवत छाटताय आणि मी शाळेतून परस्पर येऊन शेजारी डबा खातेय. दगडावरची अक्षरं पुसट झाली की तुम्ही ओली वाळू तळव्यानं चोळायचात. वाळू खाचांत बसायची आणि नाव उठून दिसायचं. इंग्रजी वाचता येत नव्हतं तुम्हाला, पण कुठल्या नावाला किती वाळू लागते ते पाठ होतं.

कडेच्या ओळीतला तो एक दगड. बावीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या नावाखालची ओळ इंग्रजीही नव्हती. बाकीच्यांकडे कधीमधी परदेशातून कुणी यायचं, फुलं ठेवायचं. त्याच्याकडे कधीच कुणी आलं नाही. म्हणून सर्वपित्रीला घरचं पान वाढून झालं की तुम्ही आणखी एक पान सायकलला लावून निघायचात. आत खायचं काही ठेवलेलं साहेबांना चालत नसे, म्हणून कुंपणाबाहेर, त्याच्या दगडाच्या बरोबर समोर, भात, खीर आणि वडा. कावळा झाडावर बसून राहायचा, खाली उतरायचा नाही. एकदा मी कंटाळून म्हटलं, आण्णा, तो ख्रिश्चन, त्याला आपला वडा कशाला? तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात, ते तेव्हा. "एवढंसं पोर घरापासून लांब मेलंय, आणि तू त्याचा धर्म विचारतीस?" मग पानाकडे वळून हात जोडलेत. "घरी कळवतो बाबा तुझ्या. घे आता." आणि कावळ्यानं वडा उचलला.

पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शब्द दिलेला आणि पुरा न झालेला, ही गोष्ट तुम्हाला आत कुठंतरी टोचत असायची. मी नववीत गेले तेव्हा तुम्ही मला समोर बसवून पत्र लिहून घेतलंत. तुम्ही मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत लिहायचं. तुमचा मुलगा इथं ठीक आहे. सकाळी दहापर्यंत त्याच्यावर सावली असते. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देत नाही. पत्ता काय घालू विचारल्यावर तुम्ही म्हणालात, लंडन घाल, तिथले लोक देतील पुढं. त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही पोस्टमनची सायकल दिसली की फाटकापर्यंत जायचात.

इथं आल्यावर त्या दगडाचा फोटो मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाईंना दाखवला. ती भाषा वेल्श निघाली, ब्रिटनमधल्या वेल्सची. अर्थ असा: घरी सगळे तुझी वाट पाहतात. त्या दिवशी मला अभ्यास सुचला नाही. सैनिकांच्या नोंदीत त्याच्या आईवडिलांचं गाव सापडलं, आणि मी त्या गावच्या शाळेला, चर्चला, वाचनालयाला पत्रं लिहायला लागले. माझ्या घरात राहणारी जर्मन मुलगी एकदा म्हणाली, "आल्झो, म्हणजे असं बघ, तो तुझा लागतो तरी कोण?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडे होता."  ती पाकिटांवर तिकिटं लावायला बसली.

सात महिन्यांनी एका निवृत्त शिक्षकाचं उत्तर आलं. आपल्या सैनिकाच्या बहिणीची मुलगी हयात आहे, ऐंशी उलटलेली. आणि सैनिकाचा धाकटा भाऊही त्याच्यासारखाच दुसऱ्या महायुद्धात गेला, तो जर्मनीत पुरलेला आहे. भाची दर शरद ऋतूत त्याला भेटायला येते. ती जागा माझ्यापासून तीन तासांवर, आण्णा. तीन तासांवर!

मी गेले तेव्हा सर्वपित्री दोन दिवसांवर होती. आदल्या दिवशी उडीद भिजवले, पहाटे वडे तळले, डबा घेतला. तिथले दगड आपल्यासारखेच, गवतही तसंच छाटलेलं. भाची काठी टेकत धाकट्या मामाच्या दगडापाशी उभी होती. मी तिला थोरल्या मामाच्या दगडाचा फोटो दिला, तुमच्या वाळूनं भरलेल्या अक्षरांचा. कोपऱ्यात तुमचा हात आलाय. ती बराच वेळ त्या हातावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, आजी, म्हणजे या दोघांची आई, जर्मनीला एकदा येऊन गेली, पण हिंदुस्तान कुठला तिच्या आवाक्यात. मरेपर्यंत एकच विचारायची.

"काय?"

"की तिथं ऊन फार असेल. पोराला सावली आहे का?"

मी म्हटलं, "आहे. सकाळी दहापर्यंत." आणि मग आम्ही दोघी रडलो, आणि हसलोही.

मी डब्याचं झाकण काढून गवतावर ठेवलं, त्यावर वडा आणि खीर वाढली, आणि सवयीनं वर झाडाकडे पाहिलं. कावळे होते, इथं पुष्कळ आहेत. पण तिला वाटलं मी तिच्यासाठीच वाढलंय. तिनं वाकून वडा उचलला आणि खाऊन टाकला. मी थांबवणार होते, तोंडात शब्दही आला होता, आणि मग कळलं की थांबवायचं कशाला. इतकी वर्षं ज्यांच्या वतीनं तुम्ही पान वाढलंत, त्यांच्यातलंच माणूस जेवत होतं. "आणखी एक आहे का?" तिनं विचारलं. मी डबाच पुढे केला. येत्या थंडीत नातवाचा हात धरून ती पुण्याला येणार आहे. तुमच्या जागी आता जो माळी आहे त्याला मी फोन करून वाळूचं सांगितलं.

एक राहिलं. ते नववीतलं पत्र मी टाकलंच नव्हतं. नुसतं लंडन घातलेल्या पाकिटाला पोस्टातली माणसं हसतील म्हणून मी परत फिरले आणि तुम्हाला सांगितलं, टाकलं. तुम्ही फाटकापर्यंत जात राहिलात आणि मी बघत राहिले. पाकीट माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं, पुस्तक इथवर माझ्याबरोबर आलं. परवा ते मी तिच्या हातात दिलं. पुस्तकात त्या पानांमध्ये आता जागा रिकामी झाली आहे, तिथं हे पत्र ठेवते.